कॅनन पी आणि एकोणचाळीस मिलिमीटरचे आटे: काय जुळते, काय नुसतेच बसते

जुना रेंजफाइंडर (खिडकीतल्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणून फोकस करण्याचा) कॅमेरा घेणारा माणूस कॅमेऱ्याविषयी महिनोन्महिने वाचत असतो, पण लेन्स घेताना मात्र जाहिरातीतल्या ‘एम३९’ या एका शब्दावर समाधान मानतो. आट्यांचा व्यास ३९ मिलिमीटर आहे एवढेच त्या शब्दातून कळते. ती लेन्स त्या कॅमेऱ्यावर फोकस होईल की नाही, याचे उत्तर त्यात नसते. म्हणून कॅनन पी या कॅमेऱ्याचे हे परीक्षण मी त्याच्या शटरपासून किंवा देखणेपणापासून सुरू न करता, त्याच्यावर कोणत्या लेन्स खऱ्या अर्थाने चालतात या प्रश्नाभोवती लिहीत आहे. माझे काम बहुतेक कृष्णधवल फिल्मवर आणि बहुतेक कोल्हापुरातच असते. तालमीतला अर्धवट उजेड, गुजरी या सराफी पेठेतली दिवेलागण आणि रंकाळा तलावाचे मोकळे अंतर या तीन प्रकारच्या जागांवर या लेन्स पारखलेल्या आहेत, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. ज्याला भर दुपारी एफ/८ वर (अॅपर्चर, म्हणजे उजेडाचे छिद्र, बरेच मिटवून; एफचा आकडा लहान तितके छिद्र मोठे) केवळ निसर्गदृश्ये टिपायची आहेत, त्याला पुढच्या बऱ्याच तक्रारी कधी जाणवणारही नाहीत.

कॅमेऱ्याची ओळख थोडक्यात करून देतो. कॅनन पी हा १९५०च्या दशकाच्या अखेरीस आलेला, पूर्णपणे यांत्रिक आणि लाइटमीटर नसलेला जपानी कॅमेरा आहे. नावातला ‘पी’ हा ‘पॉप्युलेअर’ या फ्रेंच शब्दाचा, म्हणजे हा लोकांना परवडावा असा कॅमेरा होता. शटर १ सेकंदापासून १/१००० पर्यंत चालते आणि त्याचे पडदे कापडाचे नसून पातळ स्टेनलेस स्टीलचे आहेत. या पडद्यांवर सुरकुत्या दिसणे अगदी सामान्य असून, पडदे अडखळत नसतील तर त्या सुरकुत्यांनी छायाचित्रावर काहीही परिणाम होत नाही. उलट धातूचा एक मोठा फायदा असा की, रेंजफाइंडरमध्ये आरसा नसल्यामुळे उघड्या लेन्समधून आलेले ऊन थेट पडद्यावर पडते आणि रबर लावलेल्या कापडी पडद्याला त्याने सूक्ष्म छिद्रे पडू शकतात, तो धोका येथे फारसा उरत नाही. मागचे दार बिजागरीवर पूर्ण उघडते. फिल्म भरण्याच्या सोयीपेक्षाही लेन्स तपासण्याच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

या कॅमेऱ्याचे माउंट, म्हणजे लेन्स बसवण्याची जागा, ही लायका या जर्मन कॅमेऱ्याचे जुने स्क्रू माउंटच होय. लायकाने १९३० साली लेन्स बदलता येणारा कॅमेरा आणला आणि १९३१ मध्ये माउंटपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मिलिमीटर असे निश्चित केले. त्याआधी लेन्स ज्या कॅमेऱ्यासाठी बसवली त्याच कॅमेऱ्यावर चालेल अशी स्थिती होती. १९३२च्या लायका दोनमध्ये रेंजफाइंडर लेन्सला जोडला गेला. लेन्सच्या मागच्या बाजूचा धातूचा कॅम फोकस करताना मागेपुढे होतो, कॅमेऱ्याच्या आतले लहान चाक त्या कॅमला टेकून हलते आणि त्या हालचालीने खिडकीतल्या दोन प्रतिमा एकमेकींवर येतात. तेव्हा लेन्स जुळली असे म्हणण्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्या लागतात: आटे जुळले पाहिजेत, २८.८ मिलिमीटरचे अंतर जुळले पाहिजे आणि कॅमची चाल कॅमेऱ्याच्या अपेक्षेबरहुकूम असली पाहिजे. पहिली गोष्ट हाताला लगेच कळते, दुसरी दूरच्या दृश्यात कळते, आणि तिसरी फिल्म धुतल्यावर कळते, म्हणून तीच सर्वांत महाग पडते.

कॅननच्या स्वतःच्या लेन्सपासून सुरुवात करतो, कारण तेथे फोकस जुळण्याची काळजीच नाही. ५० मिलिमीटर एफ/१.८ ही लहान, घट्ट बांधणीची आणि आजच्या मानाने किफायतशीर लेन्स या कॅमेऱ्यावर सर्वांत शोभते. एफ/१.४ थोडी मोठी आहे, पण उघड्या अॅपर्चरवरही तिची मध्यभागातली स्पष्टता कौतुकास्पद आहे, आणि तालमीसारख्या जागी तो जादा उजेड कामी येतो. मात्र एफ/१.८ घेताना एक पथ्य काटेकोरपणे पाळावे. या लेन्समध्ये अॅपर्चरच्या मागच्या काचेवर धूसर थर चढण्याची प्रवृत्ती प्रसिद्धच आहे, आणि तो जुना असेल तर पुसूनही जात नाही, कारण तोपर्यंत काचेचा पृष्ठभागच खराब झालेला असतो. अॅपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्चचा झोत टाकावा. काच दुधाळ दिसली तर किंमत कितीही कमी असो, लेन्स परत करावी. फिल्टरच्या बाबतीतही एक कटकट आहे. एफ/१.८ ला ४० मिलिमीटरचा फिल्टर लागतो, एफ/१.४ ला ४८चा, आणि सोव्हिएत ज्युपिटर-८ ला ४०.५चा. ४० आणि ४०.५ हे आकडे इतके जवळचे आहेत की विकणारे सर्रास एकाच्या जागी दुसरा देतात, आणि तो आटे खराब करीत अर्धाच फिरतो.

आता खरा वादाचा मुद्दा, म्हणजे सोव्हिएत लेन्स. ज्युपिटर-८ (५० मिलिमीटर, एफ/२) ही जर्मन झाइस कंपनीच्या युद्धपूर्व सोनार लेन्सच्या रचनेवरून घडवलेली लेन्स आहे आणि तिने काढलेल्या माणसांच्या चेहऱ्यांना एक मऊ भारदस्तपणा येतो, जो मला जपानी लेन्समध्ये सापडत नाही. ती स्वस्तही आहे. ती कॅनन पीवर सहज फिरून बसते, अनंतावरचे, म्हणजे खूप दूरच्या वस्तूवरचे, फोकस बहुधा बरोबर येते, आणि त्यामुळे घेणाऱ्याचा समज होतो की सर्व काही ठीक आहे. अडचण जवळच्या अंतरावर आहे. लायकाच्या पद्धतीत रेंजफाइंडरचा कॅम ५०च्या लेन्सची प्रत्यक्ष फोकल लेंग्थ ५१.६ मिलिमीटर गृहीत धरतो, आणि कॅननसह जपानी स्क्रू माउंट कॅमेरे त्याच पद्धतीचे आहेत. सोव्हिएत कारखान्यांनी मात्र झाइसच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्याच्या परंपरेतला ५२.४ मिलिमीटरचा आकडा धरला. पाऊण मिलिमीटरच्या फरकाने काय होणार, असे कोणीही म्हणेल. म्हणून हिशेबच करून पाहू.

फिल्मपासून १ मीटरवरच्या वस्तूवर फोकस करायचे असेल तर ५१.६ची लेन्स अनंताच्या जागेपासून सुमारे २.९८ मिलिमीटर पुढे यावी लागते, आणि ५२.४ची लेन्स सुमारे ३.०८ मिलिमीटर. कॅमेरा २.९८ वरच ‘प्रतिमा जुळल्या’ असे सांगतो, म्हणजे ज्युपिटर ०.१ मिलिमीटर मागे राहते आणि फोकस वस्तूच्या मागे जाते. समोरच्या बाजूला त्याचे रूपांतर सुमारे ३ सेंटिमीटरमध्ये होते. डोळ्यावर धरलेले फोकस कानावर पडते, ते यामुळे. आता ३५ मिलिमीटर फिल्मसाठी नेहमी धरली जाणारी ०.०३ मिलिमीटरची धूसरतेची सूट (एवढा ठिपका डोळ्याला बिंदूच वाटतो) घेतली, तर एफ/२ वर फिल्मच्या पुढेमागे ०.०६ मिलिमीटर एवढीच चूक खपते, एफ/४ वर ०.१२ खपते. म्हणजे १ मीटरवर एफ/२ चालणार नाही, एफ/४ वर चूक झाकली जाईल. अंतर वाढले की फरक भराभर कमी होतो. २ मीटरवर तो ०.०५ च्या आसपास असतो, म्हणजे अगदी काठावर, आणि ३ मीटरवर ०.०३, म्हणजे निर्धास्त. या आकड्यांचा व्यवहारातला अर्थ असा की गंगावेशीतल्या तालमीत हौद्याच्या कडेला उभे राहून तीन-चार मीटरवरची पकड एफ/२ वर टिपायला ज्युपिटर-८ कॅनन पीवर उत्तम आहे, पण त्याच तालमीत वस्तादांचा चेहरा मीटरभर अंतरावरून टिपायचा असेल तर कॅननची लेन्स लावावी.

यावर एक उपाय सांगितला जातो आणि तो खराही आहे. ज्युपिटर-८ आणि तिची मोठी बहीण ज्युपिटर-३ (एफ/१.५) या दोहोंत काचांचा गट फोकसच्या चौकटीतून फिरवून वेगळा काढता येतो, आणि तो गट व ती चौकट यांच्यामध्ये धातूची एक पातळ कडी असते. ती थोडी जाड केली की काचा पुढे सरकतात आणि जवळचे फोकस सुधारते. पण त्याची किंमत अनंतावर मोजावी लागते, कारण काचा सर्वच अंतरांवर तेवढ्या पुढे सरकलेल्या असतात. दूरची दृश्ये एफ/८ वरच काढणाऱ्याला हा सौदा परवडतो. त्याच लेन्सने रात्री पंचगंगेच्या घाटावरचे दिवे उघड्या अॅपर्चरवर टिपू पाहणाऱ्याला परवडत नाही. त्यातच सोनार रचनेत अॅपर्चर मिटताना फोकसची जागाही किंचित सरकते, आणि एफ/१.५च्या लेन्समध्ये ते स्पष्ट दिसते. माझे मत असे की ज्युपिटर-८ जशी आहे तशी वापरावी आणि ज्युपिटर-३ साठी झोर्की किंवा फेड असा तिच्या घरचाच, सोव्हिएत कॅमेरा घ्यावा.

येथे एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. आजकाल या लेन्सची मोठी गिऱ्हाइके मिररलेस डिजिटल कॅमेरे वापरणारी मंडळी आहेत, आणि विकणारेही ‘डिजिटलवर तपासली, अत्यंत स्पष्ट’ असे लिहितात. मिररलेसवर फोकस मागच्या स्क्रीनवर पाहून केले जाते, तेथे कॅमचा संबंधच येत नाही. कॅम झिजलेला असो, कोणी लेन्स उघडून फोकसचे आटे चुकीच्या सुरुवातीपासून जोडलेले असोत, डिजिटल चित्र सुरेखच येणार. रेंजफाइंडरवाल्याच्या दृष्टीने त्या प्रशस्तिपत्राचा उपयोग काचेपुरता आहे.

तपासणीची पद्धत सोपी आहे, आणि मागचे दार पूर्ण उघडणाऱ्या कॅनन पीवर ती विशेष सोपी पडते. खालून फिल्म भरण्याच्या जुन्या लायकांवर मात्र ती जवळपास अशक्य होते. रिकाम्या कॅमेऱ्याचे दार उघडून फिल्म जेथे सरकते त्या आतल्या दोन कडांवर घासलेल्या काचेचा लहान तुकडा, खरखरीत बाजू लेन्सकडे करून, सपाट टेकवावा. अॅपर्चर पूर्ण उघडावे, शटर ‘बी’वर (बटण दाबलेले असेपर्यंत उघडे राहील असे) धरून ठेवावे आणि भिंगातून प्रतिमा पाहावी. आधी अनंत पाहावे. त्यासाठी रंकाळ्याच्या पलीकडच्या काठावरून दिसणारा शालिनी पॅलेस पुरेसा दूर आणि पुरेसा बारीक कोरीव आहे, शिवाय सकाळचे ऊन त्याच्यावर असताना प्रतिमा स्पष्ट उमटते. मग तिपाईवर कॅमेरा ठेवून १ मीटरवर छापील मजकूर तिरका लावावा, रेंजफाइंडरने एका ओळीवर फोकस करावे आणि काचेवर कोणती ओळ सर्वांत तीक्ष्ण आहे ते पाहावे. काच सपाट टेकलेली नसेल तर मात्र सगळे निष्कर्ष फसवे निघतात. कागद किंवा चिकटपट्टी ताणून हे काम करणाऱ्यांनी याची विशेष काळजी घ्यावी.

ज्या लेन्स कॅनन पीवर फिरतात पण मुळीच चालत नाहीत, त्यांचीही नोंद घेतली पाहिजे, कारण जुन्या बाजारात त्याच अधिक भेटतात. सोव्हिएत झेनिट हा आरशाचा एसएलआर कॅमेरा सुरुवातीला याच ३९ मिलिमीटरच्या आट्यांनी आला, पण त्याचे माउंटपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४५.२ मिलिमीटर आहे. झेनिटची लेन्स कॅननवर लावली की ती १६.४ मिलिमीटर जास्त जवळ बसते आणि कोणत्याही अंतरावर काहीच तीक्ष्ण येत नाही. गोंधळ वाढवणारी गोष्ट ही की इंडस्टार-५०, ज्युपिटर-९ आणि ज्युपिटर-११ ही नावे रेंजफाइंडरच्या आणि झेनिटच्या अशा दोन्ही लेन्सवर आढळतात. पश्चिम जर्मनीच्या ब्राउनने काढलेल्या पॅक्सेट कॅमेऱ्याचेही तसेच. आटे ३९चे, अंतर ४४ मिलिमीटर. तिसरा प्रकार एन्लार्जरच्या, म्हणजे फिल्मवरून कागदावर मोठे चित्र काढण्याच्या यंत्राच्या, लेन्सचा. भाऊसिंगजी रोड किंवा महाद्वार रोडसारख्या भागांतल्या जुन्या स्टुडिओंच्या डार्करूम मोडीत निघाल्या, त्यांतून आलेली एल-निक्कोर ५० मिलिमीटरसारखी लेन्स ‘लायका थ्रेड’ म्हणून दाखवली जाते, आणि आटे खरोखरच तेच असतात. पण तिला स्वतःचे फोकस करण्याचे आटे नसतात आणि कॅमही नसतो. या सर्वांवर एकच खूण पुरते: लेन्स उलटी करून पाहावी. रेंजफाइंडरच्या लेन्सला मागे, आट्यांच्या आत, धातूची गोल कडी दिसते आणि फोकस फिरवल्यावर ती मागेपुढे होते. विकणाऱ्याने मागच्या बाजूचे छायाचित्र दिले नसेल तर ते मागून घ्यावे.

आट्यांविषयीही थोडे बारीक बोलायला हवे. लायकाचे आटे इंची पद्धतीचे आहेत, एका इंचात २६, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर सुमारे ०.९७७ मिलिमीटर. सोव्हिएत जुन्या लेन्समध्ये ते अंतर पूर्ण १ मिलिमीटर असल्याचे आढळते. चार-पाच फेऱ्यांत मिळून फरक एक दशांश मिलिमीटरच्या आसपास जातो, त्यामुळे अशी लेन्स शेवटच्या फेरीत किंचित कडक लागते. अशा वेळी जोर लावू नये. युद्धापूर्वीच्या फेड कॅमेऱ्यांच्या लेन्स तर त्या त्या कॅमेऱ्याला जुळवून दिलेल्या असत, त्यामुळे त्या दुसऱ्या कशावरही नेमक्या बसतील याची खात्री नाही. त्या शोभेच्या कपाटात ठेवाव्यात.

३५ मिलिमीटरकडे वळताना कॅनन पीची खरी मर्यादा समोर येते, आणि ती लेन्सची नसून व्ह्यूफाइंडरची आहे. या कॅमेऱ्यात दिसणारी प्रतिमा प्रत्यक्ष आकाराची, म्हणजे १.० पट आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवून चौकट, म्हणजे छायाचित्रात येणाऱ्या भागाची रेघ, हवेत तरंगताना पाहण्याचे सुख यातच मिळते. पण त्यामुळे ३५ची चौकट खिडकीच्या अगदी कडेला जाते आणि चष्मा लावणाऱ्याला तिच्या चारी बाजू एकदम दिसत नाहीत. ३५, ५० आणि १०० या तिन्ही चौकटी कायम एकत्र दिसतात, हा दुसरा आक्षेप. सवयीने तो कमी होतो, पण गुजरीतल्या दिव्यांच्या झगमगाटात काचेवर चमक आली की तीन चौकटींतली आपली कोणती ते क्षणभर शोधावे लागते. १९६१ मध्ये आलेल्या कॅनन सेव्हनमध्ये चौकट निवडण्याची सोय आहे. ज्याला ३५ आणि १३५ दोन्ही नित्य वापरायच्या आहेत त्याने तोच पाहावा, फक्त त्याचा सेलेनियमचा मीटर इतक्या वर्षांनी खरे सांगेल अशी अपेक्षा ठेवू नये.

३५ मध्ये कॅननच्या स्वतःच्या लेन्स आहेत, आणि कोसिनाने फोइग्टलँडर या नावाने काढलेली कलर-स्कोपार एफ/२.५ आहे, ती त्या मानाने अलीकडची असल्यामुळे धूसर थर आणि बुरशी यांची भीती कमी. सोव्हिएत ज्युपिटर-१२ (एफ/२.८) चित्राच्या दर्जाने या पंगतीत सहज बसते, परंतु झाइस बायोगॉनच्या धर्तीवर घडवलेली असल्यामुळे तिची मागची काच फार मोठी आणि कॅमेऱ्याच्या पोटात खोलवर जाणारी आहे. लायका सीएल आणि एम५ यांच्यात मीटरची दांडी लेन्समागे उभी राहते, तेथे ती लावूच नये. इतर कोणत्याही कॅमेऱ्यावर प्रथम लावताना शटर न भरता, हळूहळू फिरवत, फोकस जवळच्या अंतरावर ठेवून लावावी, म्हणजे काच पुढे आलेली असते; आणि कोठे टेकल्यासारखे वाटले तर तेथेच थांबावे. मागची काच एकदा ओरखडली की ती लेन्स संपली. ३५ वर ५१.६ आणि ५२.४चा झगडा मात्र जवळजवळ जाणवत नाही, कारण लेन्स रुंद आणि अॅपर्चर मर्यादित.

लांब, म्हणजे मोठ्या फोकल लेंग्थच्या, लेन्सवर परिस्थिती उलटते. रेंजफाइंडरची अचूकता त्याच्या दोन खिडक्यांमधले अंतर आणि खिडकीतली प्रतिमा किती पट दिसते यांच्या गुणाकारावर ठरते. कॅनन पीमध्ये तो गुणाकार ४१ मिलिमीटर येतो, लायका एम३ मध्ये ६२ च्या घरात. दुसऱ्या बाजूला लेन्सची अचूकतेची मागणी फोकल लेंग्थच्या वर्गाला अॅपर्चरने भागून ढोबळपणे काढता येते: ५० एफ/२ साठी १२५०, १०० एफ/३.५ साठी सुमारे २८५७, ८५ एफ/२ साठी सुमारे ३६१२, आणि १३५ एफ/३.५ साठी सुमारे ५२०७. म्हणजे १३५ची लेन्स ५० एफ/२ पेक्षा चौपटीहून अधिक अचूकता मागते, आणि तिच्यासाठी कॅनन पीमध्ये चौकटही नाही. ज्युपिटर-९ (८५ एफ/२) च्या बाबतीत या मागणीत सोव्हिएत कॅमच्या फरकाची भर पडते. जवळून, उघड्या अॅपर्चरवर, या कॅमेऱ्यावर ती केवळ नशिबाने तीक्ष्ण येते. एवढी सुंदर लेन्स नशिबावर सोडणे मला पटत नाही.

दुसरे कॅमेरे याच लेन्सशी कसे वागतात, तेही पाहू. झोर्की-४ आणि फेड-२ हे ज्युपिटरांचे हक्काचे कॅमेरे आहेत. फेड-२च्या दोन खिडक्यांत ६७ मिलिमीटर अंतर असल्याने तो लांब लेन्सला झोर्कीपेक्षा अधिक अनुकूल आहे. परंतु त्यांच्यावर जपानी किंवा जर्मन लेन्स लावली की तीच चूक उलट दिशेने होते आणि फोकस पुढे येते. शिवाय त्यांच्यात कॅमला टेकणारा भाग चाकाऐवजी पाचरीसारख्या बोटाचा असतो. ज्या लेन्सच्या मागे पूर्ण गोल कडीऐवजी फक्त एक लहान पट्टी असते, तिच्यावर हे बोट नीट टेकत नाही. झोर्कीत शटर भरल्यावरच वेग बदलायचा असतो, हा नियम लेन्सचा नसला तरी नव्या मालकाला आधी सांगावा.

लायकाचे १९५४ नंतरचे एम माउंट २७.८ मिलिमीटरचे आहे, म्हणजे स्क्रू माउंटपेक्षा बरोबर १ मिलिमीटर कमी, आणि ती १ मिलिमीटरची जागा एका कडीने भरून स्क्रूच्या सर्व लेन्स एमवर लावता येतात. उलटे कधीच शक्य नाही. या कड्या तीन प्रकारच्या मिळतात, कारण कॅमेऱ्यातली कोणती चौकट दिसावी हे कडीच ठरवते: २८-९०, ३५-१३५ आणि ५०-७५. एल्मार किंवा इंडस्टार-२२ यांसारख्या, अनंतावर खटका असलेल्या लेन्ससाठी कडेला खाच असलेलीच कडी घ्यावी, नाही तर खटका अडकतो. कोल्हापुरात उद्यमनगरासारखी कारखान्यांची वसाहत असताना ही कडी बाहेरून का मागवायची, असे मला अनेकदा विचारले जाते. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हाताने चित्रपटाचा कॅमेरा घडवला आणि जेथे त्या काळाची आठवण म्हणून खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचे स्मारक उभे आहे, तेथे हा प्रश्न स्वाभाविकच आहे. टर्नरला चकती काढणे अवघड नाही. पण दोन्ही पृष्ठभाग ०.०२ मिलिमीटरच्या आत समांतर राखून बायोनेटचे चार कान आणि चौकटीची पायरी नेमक्या जागी मिल करणे, तेही एकाच नगासाठी, हे काम नामांकित कडीपेक्षा महाग पडते. ज्युपिटरसाठी पितळी पत्र्याच्या पातळ कड्या, लेन्सची टोपणे आणि उघडण्याचे पाने यांसाठी मात्र उद्यमनगरासारखी जागा नाही. मायक्रोमीटरने मोजून जाडी सांगणारा कारागीर तेथे भेटतो.

कॉन्टॅक्स, कीव्ह आणि जुना निकॉन एस या कॅमेऱ्यांचे घराणेच वेगळे आहे. त्यांच्यात ५०च्या लेन्सचे फोकस कॅमेऱ्याच्या बाजूला असते, त्यामुळे कीव्हची ज्युपिटर-८ आणि झोर्कीची ज्युपिटर-८ काचेने एकच असूनही एकीच्या जागी दुसरी लागत नाही. आणि घरोघरी कपाटात असलेले याशिका इलेक्ट्रो ३५ किंवा कॅनोनेट हे रेंजफाइंडरच असले तरी त्यांची लेन्स निघत नाही, तेव्हा त्यांच्यासाठी लेन्स शोधण्यात वेळ घालवू नये.

आपल्याकडच्या पावसाळ्याचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. जून ते सप्टेंबर कोल्हापूरची हवा इतकी दमट असते की चामडी पेटीत ठेवलेली लेन्स बुरशीला आमंत्रणच देते, आणि बुरशी लागलेली लेन्स दुसरीजवळ ठेवू नये. पेटी फेकून द्यावी, लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावी आणि सिलिका जेल वेळोवेळी तापवून कोरडी करावी. लेन्स विकत घेतानाही पावसाळ्यानंतर घेणे चांगले. तोपर्यंत ज्या लेन्सला बुरशी धरायची आहे तिने ती धरलेली असते.

किमतीचा विचार करता कॅनन पी, कॅनन ५० एफ/१.८ किंवा एफ/१.४, सोबतीला ज्युपिटर-८ आणि कोणतीही एक स्वच्छ ३५, हा संच स्क्रू माउंटच्या लायकापेक्षा कमी पैशांत आणि अधिक सोयीने चालतो, आणि मी तो निःशंकपणे सुचवतो. चष्मा वापरून केवळ ३५वरच काम करणाऱ्याने हा कॅमेरा घेऊ नये. लांब लेन्स हवीच असेल तर कॅननची १०० एफ/३.५ पाहावी. ती लहान आणि हलकी आहे, कॅमेऱ्यातल्या तिसऱ्या चौकटीशी नेमकी जुळते, आणि ४१ मिलिमीटरच्या रेंजफाइंडरवर एफ/५.६ पासून पुढे तिचे फोकस भरवशाने येते. बाजारात तिला फारशी मागणी नसल्याने ती अजून रास्त किमतीत मिळते. फक्त तिच्याही काचांवर टॉर्चचा झोत टाकूनच पैसे द्यावेत.